पार्किन्सन्स किती पुढे गेलाय हे स्कॅनवर कळतं का? बाबांचा दुसरा स्कॅन करावा की नको

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. बाबांना कंपवात (पार्किन्सन्स) होऊन आता सहा वर्षं होत आली, वय ७१. सुरुवात उजव्या हातापासून, अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर सतत घासल्यासारखं हलायचं, आणि ते हात मांडीवर ठेवून शांत बसले असले की जास्त. तेव्हा हा पार्किन्सन्स की नुसता हात थरथरण्याचा दुसरा आजार (इसेन्शियल ट्रेमर) अशी शंका होती म्हणून डॅटस्कॅन (हालचाल सुरळीत ठेवणारं डोपामाइन हे रसायन सोडणारे मेंदूतले तंतू दाखवणारा स्कॅन) केला होता. डॉक्टरांनी चित्र दाखवून सांगितलं होतं की निरोगी माणसात दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिसतात, बाबांचा डावीकडचा स्वल्पविराम शेपटी गळून नुसतं टिंब झालाय. ते टिंब माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही.

आता प्रश्न असा की भाऊ म्हणतोय सहा वर्षं झाली, परत तोच स्कॅन करू, दोन्ही शेजारी ठेवू, म्हणजे किती टक्के वाढला ते कळेल. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले गरज नाही, त्याने उपचार काही बदलणार नाहीत. भावाला वाटतं डॉक्टर टाळतायत. आणि यात सगळ्यात अवघड म्हणजे परवा बाबांनीच विचारलं, "अजून किती शिल्लक आहे माझ्यात, ते मशीन सांगेल ना?" मला उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी प्लीज सांगा, घरात रोज यावरून वाद होतोय.

मोरपंखी
ताई, बाबांना नमस्कार सांगा. माझं मत भावाच्या बाजूने. शुगर वाढली की कमी झाली ते आपण तपासून बघतोच की, मग मेंदूचं का नाही बघायचं? नवीन औषधांच्या चाचण्यांमध्येही दर वर्षी स्कॅन करतात असं वाचलंय.

अभ्रक
पाऊलवाट, मी न्यूक्लियर मेडिसिनमध्ये तंत्रज्ञ आहे, हे स्कॅन रोज करते, डॉक्टर नाही हे आधीच सांगते. तरी स्कॅन नेमकं काय मोजतो हे नीट समजलं तर निम्मा वाद मिटेल असं वाटतं.

सुईतून जे औषध देतो ते आयोफ्लुपेन, त्याला किरणोत्सारी आयोडीन-१२३ जोडलेलं असतं. ते १३ तासांत निम्मं होतं. थायरॉइडने ते आयोडीन ओढून घेऊ नये म्हणून आधी साध्या आयोडीनचं औषध देतात. मग ३ ते ६ तास थांबायचं आणि त्यानंतर अर्धा पाऊण तास डोकं अजिबात न हलवता पडून राहायचं. कंप असलेल्या माणसाला हे किती जड जातं ते मी रोज बघते.

आता हे औषध जाऊन चिकटतं कुठे, तर डोपामाइन सोडणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर. सोडलेलं डोपामाइन परत आत ओढून घेणारे जे पंपासारखे रेणू तिथे असतात त्यांच्यावर. म्हणजे स्कॅन पेशी मोजत नाही, टोकांवरचे ते पंप किती उरलेत तेवढंच दाखवतो. पेशींची मुळं मध्यमेंदूत सबस्टान्शिया नायग्रात आणि टोकं वर पुटामेन आणि कॉडेट या मेंदूच्या आतल्या दोन भागांमध्ये. पार्किन्सन्समध्ये आधी पुटामेनचा मागचा भाग विझतो, म्हणून स्वल्पविरामाची शेपटी आधी जाते, आणि बहुतेकांत एका बाजूला आधी. उजवा हात मेंदूची डावी बाजू चालवते, म्हणून हात उजवा थरथरतो तर चित्रात डावी बाजू, ते बाबांच्या चित्राशी जुळतंच.

आता मुख्य मुद्दा. हात थरथरायला लागतो तोपर्यंत पुटामेनमधली अर्ध्याहून जास्त टोकं गेलेली असतात. २०१३ मध्ये एक अभ्यास आला होता, पार्किन्सन्स असलेल्या आणि वारलेल्या लोकांचे मेंदू तपासून केलेला. त्यात दिसलं की निदान झाल्यावर साधारण चार वर्षांत पुटामेनच्या वरच्या भागातले हे तंतू जवळजवळ संपलेले असतात. आता सहा वर्षांनी तिथलाच स्कॅन केला तर काय दिसणार? टिंबाच्या जागी जरा आणखी फिकट टिंब. विहीर तळाला गेल्यावर दोर टाकून पाणी किती उतरलं ते मोजण्यासारखं आहे ते. आणि तरीही माणसं त्यानंतर दहा दहा पंधरा पंधरा वर्षं चालतात, बोलतात, नातवंडांना गोष्टी सांगतात. त्यामुळे बाबांना हे नक्की सांगा की त्या मशीनवरचं "शिल्लक" म्हणजे त्यांच्यातलं शिल्लक नव्हे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पेशंटला हे सांगावंसं वाटतं.

पाऊलवाट
अभ्रक, विहिरीचं वाचून डोळे भरून आले पण समजलं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मग चाचण्यांमध्ये दर वर्षी स्कॅन का करतात? भाऊ आता हेच विचारणार.

गणितवेडा
हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे, थोडं लांब होईल, चालवून घ्या.

चाचणीत प्रश्न वेगळा असतो. तिथे एका माणसाचं काय झालं ते विचारतच नाहीत, शे-दोनशे लोकांच्या सरासरीचं काय झालं ते विचारतात. सुरुवातीच्या वर्षांत हे पंप वर्षाला साधारण ५ ते १० टक्के कमी होतात. निरोगी माणसात नुसत्या वयाने तेवढी घट व्हायला दहा वर्षं लागतात. फरक मोठा आहे, सरासरीत तो स्वच्छ दिसतो. पण एकाच माणसाचा स्कॅन आठवड्याच्या अंतराने दोनदा केला तरी आकडा काही टक्क्यांनी इकडेतिकडे होतो, डोकं किंचित हललं, मशीन बदललं, मोजणाऱ्याने चौकट जरा वेगळी आखली, एवढं पुरतं. शंभर लोकांत हा गोंधळ एकमेकांत जिरून जातो, एकट्या बाबांच्या बाबतीत तो कुठे जिरणार? म्हणजे ६ टक्के घट आली तर ती आजाराची की मोजण्यातल्या चुकीची, हे कुणीही छातीठोक सांगू शकत नाही.

पण याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे आणि ती मला स्वतःला फार शिकवून गेली. आपण धरून चालतो की स्कॅन सुधारला म्हणजे माणूस सुधारला आणि स्कॅन बिघडला म्हणजे माणूस बिघडला. तसं होत नाही हे या आजारात पुन्हा पुन्हा दिसलंय.

२००४ ची एल्डोपा नावाची चाचणी घ्या. ३६१ पेशंट, नुकतंच निदान झालेले. काहींना लेव्होडोपाचे (मेंदूत जाऊन डोपामाइन होणारं, पार्किन्सन्सचं मुख्य औषध) तीन वेगवेगळे डोस, काहींना खोटी गोळी, ४० आठवडे. मग दोन आठवडे गोळ्या बंद करून तपासलं. चालणं, हाताचा वेग, ताठपणा, सगळ्यात लेव्होडोपावाले खोट्या गोळीवाल्यांपेक्षा बरे, आणि सर्वांत मोठा डोस घेणारे सर्वांत बरे. पण यातल्या १४२ जणांचे स्कॅन केले होते आणि ते निघाले बरोबर उलटे! खोट्या गोळीवाल्यांच्या पंपांची घट सुमारे दीड टक्का आणि लेव्होडोपावाल्यांची ४ ते ७ टक्के. झालं, औषधच विष आहे की काय अशी चर्चा कित्येक वर्षं चालली. त्याआधी २००२ मध्ये प्रॅमिपेक्सोल (पार्किन्सन्सचंच दुसरं औषध) आणि लेव्होडोपाची तुलना झाली होती, ४६ महिन्यांनी घट अनुक्रमे १६ आणि २५ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तर संशय अजून पक्का झाला. पण दुसरी शक्यता अशी की औषधामुळे पेशी मरतच नसतील, बाहेर डोपामाइन भरपूर आहे म्हटल्यावर पेशी पंपच कमी लावत असतील. स्कॅनला यातला फरक कळत नाही, त्याला दोन्ही सारखेच दिसतात.

शेवटी २०१९ मध्ये लीप नावाची चाचणी आली, ४४५ पेशंट, निम्म्यांना लेव्होडोपा लगेच आणि निम्म्यांना ४० आठवडे उशिरा. ८० आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक नाही. म्हणजे लवकर घेतल्याने आजार थांबलाही नाही आणि बिघडलाही नाही.

आणि उलट दिशेचं उदाहरण पण त्याच वर्षीचं. जीडीएनएफ नावाचं पेशींना पोसणारं प्रथिन मेंदूत थेट पुटामेनमध्ये नळीने सोडलं होतं. पेट स्कॅनवर फ्लुरोडोपाचं (डोपामाइन बनवणाऱ्या टोकांत शिरणारं किरणोत्सारी द्रव्य) शोषण २५ ते १०० टक्क्यांपर्यंत वाढलेलं दिसलं, चित्रं इतकी सुंदर की कुणालाही वाटावं आजार मागे फिरला. पण ज्या मोजमापावर निकाल लावायचा असं आधी ठरलं होतं त्यात खोट्या उपचाराच्या गटाशी तुलना करता फरक सिद्ध झाला नाही. त्या लोकांच्या आशेचं काय झालं असेल याचा विचार करून मला अजून वाईट वाटतं.

एल्डोपामधली आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, त्या १४२ मधल्या २१ जणांचे स्कॅन चक्क नॉर्मल होते. पार्किन्सन्सच्या चाचणीत घेतलेले आणि डोपामाइन ठीकठाक. म्हणून पहिला स्कॅन, शंका असताना केलेला, खूप मोलाचा. तुम्ही तो योग्य वेळी केला.

कोरडी_पानं
माझ्या काकांच्या बाबतीत हेच वाचून आम्ही लेव्होडोपा बंद केलं होतं, स्कॅन बिघडतो म्हणून. नैसर्गिक उपाय बरे.

अभ्रक
कोरडी_पानं, तुमचा हेतू चांगला होता यात शंका नाही, पण वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते, लेव्होडोपा कधीही स्वतःहून एकदम बंद करू नका. अंग लाकडासारखं ताठ होणं, जोरात ताप, शुद्ध हरपणं, असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. डोस कमी करायचा असेल तर डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू. गणितवेडा यांनी लिहिलंय त्याचा शेवट परत वाचा, २०१९ च्या चाचणीत औषधाने आजार बिघडल्याचं दिसलं नाही. काका आता कसे आहेत?

कोरडी_पानं
पंधरा दिवसांत परत सुरू केलं, फार हाल झाले त्यांचे. आता बरे आहेत. मी पूर्ण लिहायला हवं होतं, चुकलं.

रातराणी
मी जरा वेगळा अनुभव सांगते. आमच्याकडे दुसऱ्या स्कॅनने सगळं बदललं, पण तो डॅटस्कॅन नव्हता, साधा एमआरआय होता.

आईला पार्किन्सन्स म्हणून गोळ्या सुरू झाल्या, गुण काही येईना. थरथर जवळजवळ नव्हतीच, पण पहिल्या वर्षातच पडायला लागली, आणि पडायची ती मागच्या मागे, धाडकन. मग जिना उतरताना पायरी दिसत नाही म्हणायला लागली, आम्ही चष्मा बदलला, दोनदा. खरं तर तिला डोळे खाली वळवताच येत नव्हते. ज्यांच्याकडे आधी जायचो त्यांनी हे "पार्किन्सन्समध्ये होतं असं" म्हणून सोडून दिलं. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी परत एमआरआय करायला लावला आणि बाजूने घेतलेल्या चित्रावर बोट ठेवून दाखवलं, मध्यमेंदू वरून खचला होता आणि त्याचा आकार लांब चोचीच्या हमिंगबर्डसारखा दिसत होता. पीएसपी, प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. १९६४ मध्ये वेगळा आजार म्हणून ओळखला गेलेला. आधीच्या एमआरआयवर तो आकार नव्हता, किंवा असला तरी कुणाच्या डोळ्यात भरण्याइतका नव्हता.

पीएसपी थांबवणारं औषध नाही, पण नाव कळल्यावर आम्ही कामाला लागलो. गिळण्याची तपासणी करून घेतली, पाणी घट्ट करून द्यायला लागलो, घरभर आधाराचे दांडे लावले, आणि मुख्य म्हणजे "प्रयत्न कर ना गं, खाली बघून चाल" असं तिला रागावणं बंद केलं. ते आधी बंद झालं असतं तर...

म्हणून पाऊलवाट, टक्केवारीसाठी स्कॅन नको, पण पुढे काही वेगळं दिसलं तर मात्र मागे लागा. लवकर पडणं, डोळे वरखाली न फिरणं, उभं राहिल्यावर बीपी एकदम उतरणं, लघवीवरचा ताबा फार लवकर जाणं, गोळीने गुणच न येणं. यातलं काही आहे का बाबांना?

पाऊलवाट
रातराणी, घट्ट मिठी. नाही, बाबांना गोळीने अजून छान गुण येतो, फक्त पुढच्या गोळीच्या आधी तासभर उतरतो. पडले एकदाच, तेही गालिच्यात पाय अडकून. पण मग एक कळत नाही, डॅटस्कॅनवर पीएसपी कळला नसता?

अभ्रक
नाही, तिथेच तो कमी पडतो. पीएसपी असो, एमएसए (मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी, पार्किन्सन्ससारखा दिसणारा आणखी एक आजार) असो की पार्किन्सन्स, तिन्हीत डोपामाइनची टोकं जातात, स्वल्पविरामाचं टिंब तिन्हीत होतं. वेगळेपणा एमआरआयवर शोधायचा, पीएसपीत मध्यमेंदू बारीक झालेला, एमएसएच्या एका प्रकारात मेंदूच्या देठातल्या पॉन्समध्ये अधिकच्या चिन्हासारखी पांढरी फुली. ग्लुकोजचा पेट स्कॅनही मदत करतो, मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो याचा नकाशा प्रत्येक आजारात वेगळा. आणि एक जी ऐकून सगळे चकित होतात, एमआयबीजी स्कॅन हृदयाचा करतात! पार्किन्सन्समध्ये हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची टोकंही झडतात, एमएसएमध्ये ती बहुधा शाबूत असतात.

पीएसपी आणि एमएसए भराभर वाढतात, त्यामुळे तिथे वर्षभरातली मेंदूची झीज एमआरआयवर मोजता येते, औषधांच्या चाचण्यांत तशी मोजतातही.

शेवंता
माझ्या सासऱ्यांचा एमआरआय पूर्ण नॉर्मल आला, तरी डॉक्टर पार्किन्सन्स म्हणतात. मग चुकीचं निदान समजायचं का?

गणितवेडा
नाही शेवंता. पार्किन्सन्समध्ये नेहमीचा एमआरआय नॉर्मलच येतो, तो करतात ते गाठ, लहान लहान पक्षाघात, डोक्यातलं पाणी अशी दुसरी कारणं नाहीत ना ते बघायला.

मात्र नवीन पद्धतीचे एमआरआय आहेत आणि पुढे जाऊन आजार किती वाढला ते मोजायचं उत्तर तिथून येईल असं मला मनापासून वाटतं. सबस्टान्शिया नायग्राच्या पेशींत न्यूरोमेलॅनिन नावाचं काळं द्रव्य असतं, पेशी मेल्या की तो काळा पट्टा फिका पडतो. २००६ मध्ये जपानमधल्या एका गटाने ३ टेस्लाच्या मशीनवर हा पट्टा जिवंत माणसात दाखवला. इंजेक्शन नाही, किरणोत्सर्ग नाही. दुसरं म्हणजे त्याच भागातलं मोकळं पाणी, पेशी गेल्या की त्या जागी पाण्याचे रेणू मोकळे फिरायला लागतात आणि ते डिफ्यूजन एमआरआयने मोजता येतं. पार्किन्सन्समध्ये हे एका वर्षातही वाढलेलं दिसलं आणि चार वर्षांपर्यंत वाढत राहिलेलं दिसलं, निरोगी लोकांत तसं वाढलं नाही. टिंब झालेल्या डॅटस्कॅनला जिथे पुढे जायला जागा उरत नाही तिथे हे चालू राहतं, म्हणून मी यावर आशा ठेवून आहे. पाकोळीच्या शेपटीसारखं दुभंगलेलं एक चिन्हही बघतात, ते निरोगी माणसात दिसतं आणि पार्किन्सन्समध्ये पुसलं जातं, पण ते आहे की नाही एवढंच, त्याने किती वाढला ते कळत नाही.

हे सगळं अजून मुख्यतः संशोधनातच आहे. २०१० पासून पीपीएमआय नावाचा मोठा अभ्यास चालू आहे, मायकेल जे. फॉक्स फाउंडेशनचा, तिथे लोक वर्षानुवर्षं स्कॅन, रक्त, पाठीतलं पाणी देत राहतात आणि ती माहिती जगभरच्या संशोधकांना खुली आहे.

उंबरठा
बराच वेळ लिहू की नको करत होतो. आमच्या घरात हंटिंग्टन्स (आईवडिलांकडून जनुकातून येणारा मेंदूचा आजार) आहे. पार्किन्सन्सवाल्यांना स्कॅनवर जे मिळत नाही ते आमच्या आजारात मिळतं, आणि मिळतं म्हणजे काय ते सांगतो.

जनुक १९९३ मध्ये सापडलं, त्यात सीएजी ही अक्षरं ४० किंवा जास्त वेळा आली की आजार होणारच. त्यामुळे लक्षणं नसताना कुणाला पुढे होणार हे आधी कळतं आणि अशा लोकांचे एमआरआय वर्षानुवर्षं काढता येतात. लंडन, पॅरिस, लायडन आणि व्हँकुव्हर इथे ट्रॅक-एचडी म्हणून अभ्यास झाला, त्यात दिसलं की कॉडेट आणि पुटामेन लक्षणांच्या कितीतरी वर्षं आधीपासून आक्रसत असतात. २०२२ पासून संशोधनासाठी नवीन पायऱ्या ठरल्या, शून्य पायरी म्हणजे नुसतं जनुक, पहिली पायरी म्हणजे एमआरआयवर कॉडेट किंवा पुटामेन लहान झालेलं, हातापायांची लक्षणं दुसऱ्या पायरीला, आणि रोजची कामं अडायला लागली की तिसरी. म्हणजे माणूस धडधाकट नोकरी करतोय आणि आजाराची पहिली पायरी चढलाय.

मी अशाच एका अभ्यासात जातो. दर वर्षी त्या नळीत पडून राहतो, मशीन ठोके देतं, मी डोळे मिटून बहिणीचा विचार करतो, ती आजारी आहे. माझा आकडा मला सांगत नाहीत, मी मागितलेलाही नाही. पहिल्या वर्षी फार मागावासा वाटायचा. आता वाटतं तो आकडा ज्या कामासाठी आहे तिथे जाऊ दे, एखादं औषध चालतंय का हे लक्षणांची वाट न बघता ठरवायला तो लागणार आहे. माझ्या हातात येऊन तो मला फक्त रात्री जागवेल.

तुमच्या बाबांचा प्रश्न मला फार ओळखीचा वाटला म्हणून लिहिलं. शिल्लक किती हे विचारताना माणूस बहुतेक वेगळंच काही विचारत असतो. त्यांना विचारून बघा कशाची भीती वाटते.

मोरपंखी
उंबरठा, तुमच्यासाठी आणि तुमच्या बहिणीसाठी खूप खूप प्रार्थना. मी माझं वरचं शुगरचं मत मागे घेते.

पाऊलवाट
दहा दिवसांनी येतेय. सगळे प्रतिसाद भावाला वाचायला दिले, रात्री दीडपर्यंत वाचत बसला होता. मग उंबरठा यांनी सांगितलं तसं बाबांना विचारलं. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "सही करता येईनाशी व्हायच्या आत कागदपत्रं उरकायची आहेत, म्हणून किती दिवस आहेत ते हवं होतं." आणि आम्ही दोघं टक्केवारीवरून भांडत होतो.

काल तिघंही डॉक्टरांकडे गेलो. या वेळी भावाने शांतपणे विचारलं की स्कॅन नाही तर मग वाढ कशाने मोजता? त्यांनी बाबांना उभं केलं, चालवलं, वळवलं, मागून खांदे ओढून तोल बघितला, बोटं आपटायला लावली, आणि प्रत्येकाला ० ते ४ गुण दिले, जितके जास्त तितका त्रास जास्त. १३२ पैकी ३१. तीन वर्षांपूर्वी २४ होते, गोळीचा असर असतानाच मोजलेले, दोन्ही वेळा. तो कागद त्यांच्या फाइलमध्ये दर भेटीचा आहे, आम्ही कधी विचारलंच नव्हतं. हा वेग संथ आहे म्हणाले. पडणं वाढलं किंवा डोळ्यांचं काही वाटलं तर लगेच एमआरआय करू हेही कबूल केलं. सहीचं ऐकल्यावर ते म्हणाले गोळी घेतल्यावर तासाभराने करा, अक्षर तेव्हा मोठं येतं.

आज सकाळी साडेदहाला केल्या सगळ्या सह्या. अक्षर बारीक आहे पण ओळखू येतं.

आता दर महिन्याला चालण्याचा व्हिडिओ काढायचं ठरवलंय, भाऊ काढणार आहे.

अभ्रक
छान झालं. व्हिडिओ प्रत्येक वेळी त्याच जागी काढा, वळताना पाय दिसू देत, आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सुरुवातीला मोठ्याने बोलून ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्याशी तुलना करता येत नाही.